टीचभर पाण्याची टाकी : फायटर माशाच्या पैदाशीची पार्श्वभूमी

जळगाव-भुसावळकडे ज्याला सगळे ‘फायटर’ म्हणतात, त्या बेट्टा माशाची पैदास घरी करायची ठरली की नवखा माणूस पहिल्यांदा पाण्यापाशीच अडतो. टाकी दोन फुटी, पण पाणी जेमतेम १० ते १५ सेंटिमीटर, तळाला खडी नाही, हवेचा पंप बंद किंवा अगदी मंद, आणि वर मात्र काचेचे झाकण. ही मांडणी अपुरी वाटते खरी, पण हा मासा ज्या पाण्यातून आला त्या पाण्याची ती नक्कल आहे.

बेट्टा मूळचा थायलंडमधील भातखाचरांचा, दलदलींचा आणि संथ ओहोळांचा. अशा साचलेल्या, उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून वर येऊन थेट हवा घेण्याचे इंद्रिय त्याला कल्ल्यांच्या वर लाभले आहे, आणि अंडीही नर बुडबुड्यांच्या तरंगत्या घरट्यातच सांभाळतो. सयामी म्हणजे थाई लोकांनी ‘प्ला कट’, म्हणजे चावरा मासा, या नावाने त्याला झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडून वाढवले, आणि हे माणसाळणे निदान १,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले. सयामचा राजा तिसरा राम याने १८४० च्या सुमारास थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरला काही मासे दिले. कँटरने १८४९ मध्ये त्यांचे वर्णन केले, पण नाव चुकले. ती चूक निस्तरून चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे नाव रूढ केले. तोवर पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए यांनी १८७० च्या दशकातच या माशाची वीण घेतली होती.

झुंजीचा मासा आखूड परांचा होता. शौकिनांनी पुढे लांब परांचे वाण काढले. १९८० च्या दशकात अर्धवर्तुळाकार शेपटीचा हाफमून पुढे आला, नंतर इंडोनेशियातून मुकुटासारख्या टोकदार शेपटीचा क्राउनटेल आला. या देखणेपणाची किंमत नर वीण काळात मोजतो. वीण होताना नर-मादीच्या मिठीतून सुटलेली अंडी तळाकडे जातात आणि नर ती एकेक तोंडात धरून घरट्यात नेऊन चिकटवतो. जड परांच्या नराची खोल पाण्यात त्या खेपांनी दमछाक होते, आणि खडी असेल तर अंडी फटीत हरवतात. उथळ पाण्याचा आणि मोकळ्या तळाचा आग्रह मला म्हणूनच रास्त वाटतो.

घरट्याला आधार म्हणून थायलंडमध्ये देशी बदामाचे किंवा केळीचे वाळलेले पान टाकण्याची जुनी रीत आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ते पान फुकट मिळते, पण फवारणी झालेल्या बागेतले पान टाकीत कदापि घालू नये.

झाकणाची गोष्ट मात्र खानदेशात अधिक जपावी लागते. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागली की नरालाही काढावे लागते. मादी तर वीण होताच बाहेर घ्यायची असते. हवा घेण्याचे इंद्रिय पिल्लांत काही आठवड्यांनी तयार होते, आणि त्या वेळी पाण्यावरची हवा पाण्याइतकीच उबदार व दमट लागते. भातखाचरात ती आपोआप मिळते. इकडे पौषातली रात्र गारठ्याची आणि चैत्र-वैशाखातला वारा कोरडा ठणठणीत. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसत असतील, तरच पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवल्याचा पिल्लांना खरा उपयोग होतो.