काटा वजन दाखवतो, कॉम्प्युटर घेत नाही: हरवणाऱ्या सिरियल पोर्टची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याच्या केन यार्डातून ठरलेला फोन येतो. "काटा वजन दाखवूलालाय, पण कॉम्प्युटरात येईना झालंय बघा." काट्यावर उसाची ट्रॉली उभी असते आणि मागे रांग वाढत असते. काट्याचा आकडा सिरियल पोर्टमधून, म्हणजे एकेक बिट ओळीने नेणाऱ्या कॉम्प्युटरच्या खाचेतून, थेट पावतीवर उतरायला हवा. तो हाताने टाइप करायची वेळ आली, की शेतकऱ्याच्या मनात शंका येते आणि ती रास्तच आहे. त्याचा वर्षाचा हिशोब त्या आकड्यावर असतो. म्हणून 'पोर्ट दिसत नाही' ही तक्रार मला कधीच किरकोळ वाटली नाही.

या दुखण्याचं मूळ पोर्टच्या जन्मातच आहे. आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत आलं, ते टर्मिनल (दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र) आणि मोडेम (फोनच्या तारेवरून माहिती नेणारं यंत्र) जोडण्यासाठी. म्हणजे मोडेम आणि सिरियल पोर्ट पहिल्यापासून एकाच घरातले. पाठवायची तार, घ्यायची तार आणि ग्राउंड, एवढ्या तिघांवरही काम भागतं. पण पलीकडे काय जोडलंय हे कॉम्प्युटरला सांगायची सोय या मानकात नाही. कॉम्प्युटरला माहीत असतो फक्त पत्ता. पत्ता चुकला, की चालू पोर्टसुद्धा हरवल्यासारखा होतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे पत्ते रूढ झाले. पुढे सिरियल पोर्टांची कॉम १ ते कॉम ४ अशी चार नावं झाली, पण कॉम्प्युटरला हाक मारायच्या इंटरप्ट लाइन दोनच राहिल्या. कॉम १ आणि ३ यांची लाइन ४ नंबरची, कॉम २ आणि ४ यांची ३ नंबरची. माउस कॉम १ वर आणि आत बसवलेला मोडेम कॉम ३ वर असला, की नेट जोडल्याबरोबर माउस जागच्या जागी थिजायचा. माउस मात्र ठणठणीत असायचा. कार्डावरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) हलवायचा, किंवा बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) कॉम २ बंद करून ती जागा मोडेमला द्यायची, हा त्यावरचा उपाय. तो माहीत नसल्यामुळे चांगले माउस बदलले गेले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते आधी महानगरांत. आपल्या भागात डायल-अप (फोनच्या लाइनवरचं इंटरनेट) रुळलं तेव्हा एक वेगळीच अडचण समोर आली. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झने थरथरणारा. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्‌झ मिळून होणारा. तिकडच्या टोनवर बेतलेला मोडेम इथल्या लाइनवर 'डायल टोन नाही' म्हणून थांबायचा आणि लोक टेलिफोन खात्याकडे तक्रार करायचे. सेटिंगमध्ये एटीएक्स३ ही आज्ञा घातली, की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवायचा. वळवाच्या पावसाचं मात्र काही करता येत नसे. खानापूरच्या बाजूला विजा कडाडल्या, की फोनची तार काढून ठेवणं हाच शहाणपणा. एका कडाडण्यात मोडेम जायचा, कधी मदरबोर्डही.

त्याच सुमारास विनमोडेम आले. स्वस्त, कारण मोडेमचं बरंचसं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) टाकलेलं. विंडोज नव्याने टाकलं आणि ड्रायव्हरची सीडी सापडली नाही, की मोडेम दिसेनासा व्हायचा. लिनक्सवर तर बहुतेक विनमोडेम मुकेच राहिले.

ॲपलच्या १९९८ च्या आयमॅकमध्ये जुना सिरियल पोर्ट नव्हता, यूएसबी होतं. पीसीही हळूहळू त्याच वाटेने गेले. पण वजनकाटे गेले नाहीत, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतली जुनी सीएनसी मशिनंही (प्रोग्रॅमवर चालणारी) गेली नाहीत. त्यांना आजही प्रोग्रॅम आरएस-२३२ मधूनच पाठवावा लागतो. तिथे दुखणं वेगळं दिसतं. पोर्ट दिसतो, पण मशीनकडे ७ बिट आणि इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), कॉम्प्युटरवर ८ बिट, त्यामुळे अक्षरं विचित्र येतात. याला पोर्ट हरवणं म्हणत नाहीत. हा फरक आधी ओळखला, तर अर्धा दिवस वाचतो.

आता मधे यूएसबी खाचेला सिरियल केबल जोडून देणारा कन्व्हर्टर आला आणि पत्त्याचा जुना घोळ नव्याने सुरू झाला. ज्या कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक नाही, तो दुसऱ्या खाचेत लावला की विंडोज त्याला नवीन पाहुणा समजतं आणि नवीन कॉम नंबर देतं. सफाई करताना कुणी वायर काढून शेजारच्या खाचेत लावली, की कॉम ३ चा कॉम ७ होतो. काट्याचं जुनं सॉफ्टवेअर कॉम ४ च्या पुढे बघतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं, की न जोडलेल्या जुन्या नोंदी फिकट दिसतात. त्या काढायच्या, मग प्रगत सेटिंगमध्ये जाऊन हवा तो नंबर द्यायचा. पाच मिनिटांचं काम.

कन्व्हर्टरमधल्या नकली चिपचं प्रकरण त्याहून वाईट. ऑक्टोबर २०१४ मध्ये अशा चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांची ओळखच शून्य केली. आरडाओरडा झाल्यावर तो मागे घेतला गेला. रात्री अपडेट आणि सकाळी पोर्ट गायब, असं कुणी सांगितलं तर मी अजून आधी ड्रायव्हरची तारीख बघतो.

पुष्कळांना माहीत नसलेली एक गोष्ट: कित्येक नव्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सिरियल पोर्टच्या पिना अजून असतात, मागे फक्त तोंड काढलेलं नसतं. पिनांची मांडणी बोर्डाच्या पुस्तिकेत बघून पट्टी आणि केबल बसवायची, बायोसमध्ये पोर्ट चालू करायचा, की कन्व्हर्टर लागतच नाही. काट्यावरच्या कॉम्प्युटरसाठी मी हंगामाआधी हेच सुचवतो. ते जमत नसेल, तर कन्व्हर्टरच्या खाचेभोवती लाल रंगाचा ठिपका काढून ठेवायचा, म्हणजे रात्रपाळीतल्या काटा क्लार्कलाही वायर कुठे लावायची ते कळतं.