बालमनोआघात आणि काळजीवाहकांवरील ताण

बालमनोआघात : जिवावरचा प्रसंग, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू किंवा अत्याचार यांमुळे मुलाच्या मनाला होणारी, प्रसंग सरल्यावरही न भरणारी जखम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जखम’ असाच आहे. महिन्याच्या आतली लक्षणे ‘तीव्र ताण विकार’ म्हणून धरतात. आघातोत्तर ताण विकाराचे निदान त्यानंतरच.

अशा मुलांना सांभाळणाऱ्या, त्यांची हकिगत ऐकणाऱ्या काळजीवाहकाला होणाऱ्या त्रासाच्या नावाबद्दल एकमत नाही. मॅककॅन व पर्लमन यांनी १९९० मध्ये ‘परोक्ष आघात’ (दुसऱ्याचा आघात ऐकून स्वतःची जगाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे) मांडला. १९९२ मध्ये जॉइन्सन यांनी परिचारिकांसंदर्भात ‘करुणा-थकवा’ (दुसऱ्याचे दुःख सतत वाहून येणारा थकवा) हा शब्द वापरला आणि १९९५ च्या सुमारास फिग्ली यांनी तो रूढ केला. अनेक लेखक दोन्ही एकच मानतात. ते वेगळे ठेवणे सोयीचे, कारण थकवा रजेने उतरतो; पण ऐकलेल्या गोष्टींमुळे ‘कुणावरच विश्वास ठेवू नये’ असे वाटू लागले, तर ते रजेवरही सोबत येते.

मराठवाड्यात हा प्रश्न ठळक झाला तो किल्लारी भूकंपाने (३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६). मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांदरम्यान दिला जातो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. अनाथ मुलांसाठी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या घरांतली मुले आली. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे सांत्वन दहा वर्षांच्या पोराला रडूही देत नाही; ‘बाप झोपलाय’ असे ऐकलेले मूल झोपायला घाबरते.

लहान मूल सांगत नाही, खेळते. दगड रचते, पाडते, बाहुली खाली पुरते, पुन्हा तेच. खेळ थांबवू नये. शेजारी बसावे आणि काही दिवसांनी ‘हिला बाहेर कोण काढतं?’ एवढेच विचारावे. अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय परत आली तर रागावू नये. ‘पोर दचकलंय’ म्हणून मीठ-मोहरी उतरवायला हरकत नाही. बाधा म्हणून मारहाण मात्र घातक.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तीच हकिगत पोलीस, डॉक्टर, बालकल्याण समिती, समुपदेशक अशी पुन्हा पुन्हा वदवणे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. बालगृहातही हकिगत एकानेच ऐकून नोंदवावी, इतरांनी नोंद वाचावी. ऐकणाऱ्याला लगेच दुसरे मूल देऊ नये, त्या रात्रीची पाळीही नको. आठवड्यातून एकदा बाहेरच्या जाणकारासमोर प्रकरणचर्चा व्हावी. वरिष्ठासमोर झाली की ती हजेरी होते. झोपेत मुलाची हकिगत दिसणे किंवा एखाद्या मुलाला टाळावेसे वाटणे ही काळजीवाहकाची सुरुवातीची लक्षणे. मुलांसाठी १०९८ आणि काळजीवाहकांनाही चालणारी मानसिक आरोग्याची टेली-मानस (१४४१६) या दूरध्वनी सेवा आहेत.

हिंगोली भागात २१ मार्च २०२४ सारखे धक्के बसले की मुले घरात झोपायला तयार होत नाहीत. अंथरूण आधी अंगणात, मग ओसरीवर, मग दाराशी, शेवटी आत असे सरकवावे. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री. सोबत निजणारे मोठे माणूस मात्र तेच ठेवावे. बालगृहात हे एकट्या काळजीवाहकावर पडते, म्हणून त्याची दिवसाची पाळी तेवढे दिवस कमी करावी.