३५ अंशांचा लॅपटॉप, ४२ अंशांचं सोलापूर

एप्रिल लागला की सोलापुरातल्या दुरुस्तीच्या दुकानांत एकच रड सुरू होते. लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो, मग सगळं संथ. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात ३५ म्हणजे आपल्याला गारवाच!

१९८२ च्या ग्रिड कंपास या सुरुवातीच्या लॅपटॉपला पंखा नव्हता. मॅग्नेशियमची पेटीच आतली धग बाहेर सोडायची. नासाने तो अंतराळात नेला तेव्हा मात्र पंखा बसवावा लागला, कारण तिथे गरम हवा आपणहून वर जात नाही.

खरी पंचाईत इंटेलच्या पेंटियम चिपपासून. १९९३ चे पहिले पेंटियम सुमारे १५ वॅट खायचे, आणि ते टेबलावरच्या संगणकासाठी होते. तसली चिप मांडीवर आणायची तर उष्णता पेटीच्या कडेपर्यंत वाहून नेणं भाग होतं. उपाय तयारच होता. अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अंतराळातल्या अणुऊर्जेसाठी ‘हीट पाइप’ बनवला होता. लॅपटॉपमध्ये तो म्हणजे तांब्याची चपटी नळी. आतली हवा काढलेली, थोडंसं पाणी भरलेलं. चिपपाशी पाण्याची वाफ होते, पंख्याजवळच्या धातूच्या पातळ पात्यांपाशी ती निवते आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं पाणी नळीच्या आतल्या जाळीतून परत येतं. ना मोटर, ना वीज. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी वस्तू हीच.

पुढे पेंटियम ४ ने पुन्हा घाम फोडला. २००३ च्या, खास लॅपटॉपसाठीच्या पेंटियम एमने २४.५ वॅटवर भागवून दाखवलं. पण त्यामुळे वाचलेली जागा उष्णतेला मिळाली नाही, ती लॅपटॉपच्या पातळपणाने खाल्ली.

आता सोलापूरचं गणित. चिपची मर्यादा साधारण १०० अंश. उष्णता बाहेर पडते ती चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७५ चा, ४२ वर असेल तर ५८ चा. म्हणजे पंखा तोच, वेगही तोच, तरी जवळपास पाव उष्णता आतच अडते. मग चिप आपला वेग उतरवते. लोकांना वाटतं व्हायरस आला.

त्यात यंत्रमागांचा तंतू. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूचा लॅपटॉप उघडला की पात्यांच्या तोंडाशी कापसाचा नमदा बसलेला असतो. आणि हवा आत घेणारी भोकं खालच्या अंगाला, तर लॅपटॉप पलंगावर, जाडजूड सोलापुरी चादरीवर!