कारखान्याच्या फाटकापर्यंतचा हिशेब

अन्नप्रक्रिया उद्योगात कार्यक्षमता आणि पर्यावरण एकमेकांच्या मुळावर उठतात, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्या गोष्टीचे पैसे मोजावे लागले तिथे काटकसर लवकर आली, आणि जे फुकट टाकून देता आलं तिथे फार उशिरा.

आधी इंधन. १९व्या शतकात अमेरिकेतल्या लुइझियानात उसाचा रस उघड्या काहिलींत आटवत. गुलाम मजूर उकळता रस मोठ्या पळ्यांनी एका काहिलीतून दुसरीत ओतत. अंग भाजायचं, आणि वाफ सगळी हवेत जायची. नॉर्बर्ट रिलिये यांनी १८४३ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात पहिल्या बंद भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवू लागली. दुसऱ्यात दाब कमी ठेवला की रस कमी तापमानालाच उकळतो, म्हणून तीच उष्णता पुन्हा कामी येते. साखर आणि दूध पावडरचे कारखाने आजही याच तत्त्वावर चालतात. यामागे निसर्गाची काळजी नव्हती. जळण महाग होतं.

सांडपाण्याचं तसं झालं नाही. १० लिटर दुधाचं साधारण १ किलो चीज होतं आणि सुमारे ९ लिटर व्हे उरतं. हे पिवळसर-हिरवट पाणी डुकरांना पाजत, शेतात सोडत, नाहीतर सरळ नदीत. गावातल्या छोट्या चीजगृहापुरतं ते खपून गेलं. कारखाने वाढले तसं ते नदीला झेपेना.

नदीला हे किती जड जातं ते मोजण्याचं साधन तोवर आलं होतं. पाण्यातली घाण कुजवताना जंतू पाच दिवसांत किती प्राणवायू खातात, तो आकडा म्हणजे बीओडी. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ साली नदीत सोडायच्या पाण्यासाठी लिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. व्हेचा बीओडी ३०,००० च्या वर असतो! अशा नदीतले मासे गुदमरून मरतात.

तरी पुढची कित्येक दशकं फारसं हललं नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने नदी-नाल्यांत थेट सांडपाणी सोडायला परवाना सक्तीचा केला. त्याच दशकात सूक्ष्म पडद्यांमधून व्हेतली प्रथिनं गाळता येऊ लागली आणि टाकाऊ पाण्याची विक्रीयोग्य पावडर झाली. पण इथे एक गोष्ट नेहमी वगळली जाते. प्रथिनं काढली तरी दुधातली साखर पाण्यातच राहते, आणि बीओडीचा मोठा वाटा तिचाच.

तिच्यावर उतारा हवाबंद टाक्यांचा. नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात बीटसाखरेच्या सांडपाण्यावर अशी टाकी चालवून दाखवली. तिच्यातले जंतू साखरेचा मिथेन करतात आणि तो बॉयलरमध्ये जाळता येतो. मोठ्या कारखान्यांना हा खर्च परवडतो. छोट्या चीजगृहांचं व्हे मात्र अजूनही बऱ्याचदा डुकरांपुढे किंवा शेतातच जातं.