निसणा (वस्तऱ्याचा)

अखंड पात्याच्या वस्तऱ्याला धार लावण्याचा चपटा, गुळगुळीत नैसर्गिक दगड. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत कात्री, नराणी, वाटी आणि आरशाशेजारी तो असायचाच. कोल्हापूरच्या सलूनमध्ये आता पाते बदलण्याचा वस्तरा चालतो. गिऱ्हाईकागणिक नवे ब्लेड हेच आरोग्याला योग्य, त्यामुळे निसणा आता घरी स्वतःच्या वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यांपुरता उरला आहे.

कोल्हापूरची जमीन काळ्या फत्तराची, म्हणजे बेसॉल्टची, पन्हाळ्यावर जांभा. पाटा-वरवंटा आणि जाती काळ्या दगडाची होतात, पण वस्तऱ्याला तो चालत नाही. पाटा गुळगुळीत झाला की पाथरवट टाकी लावून त्याला खरबरीत करतो. निसण्याचे नेमके उलट असते. जांभा तर भोकाभोकांचा. विळी-कोयत्याला कुरुंद उत्तम, पण तो धारेवर खोल ओरखडे पाडतो. वस्तऱ्याला हवा एकसारख्या बारीक कणांचा, घट्ट दगड. बेल्जियमच्या आर्देन भागातल्या पिवळसर कोटिक्यूलमध्ये गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. जर्मनीतल्या थुरिंजियाचा पाटीचा दगड, अमेरिकेतल्या आर्कान्साचा जवळजवळ शुद्ध सिलिकेचा नोव्हाक्युलाइट आणि जपानमध्ये क्योटोजवळच्या खाणींतले दगड याच कामाचे.

वस्तऱ्याचा कोन त्याच्या घडणीतच असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायची, की कोन आपोआप साधतो. पाठ उचलली की धार बिघडली. दगडावर वस्तरा धारेच्या दिशेने पुढे न्यायचा. दगडाच्या टोकाशी पोहोचल्यावर तो पाठीवर पालटायचा, धारेवर कधीच नाही. वजन फक्त वस्तऱ्याचे, हाताचे नाही. दाबून घासण्याची घाई हीच नवशिक्याची सर्वांत महागडी चूक, कारण पातळ पाते वाकते आणि धार मधेच उचलली जाते.

कोटिक्यूलवर पाणी टाकून दगडाच्याच छोट्या तुकड्याने घासले की दुधासारखा गाळ सुटतो. त्यातले कण पोलाद भराभर कापतात. मग थेंबाथेंबाने पाणी वाढवत गाळ पातळ करायचा आणि शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर मारायचे. या वेळी धारेकडे नीट पाहावे. पुढे सरकणाऱ्या धारेपुढे पाण्याची बारीक वळी धावते; धार दगडाला पूर्ण टेकली असेल तर ती वळी मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत अखंड पात्यावर चढते. जिथे ती तुटते, तिथे धार अजून लागलेली नाही.

यानंतर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, कोल्हापुरी चपलेच्या परंपरेतले कातडे पट्ट्याला चांगले लागते. मात्र ते सपाट आणि बिनशिवणीचे घ्यावे. रोजच्या दाढीला पट्टाच पुरतो. केस ओढले जाऊ लागले की मगच निसणा काढावा.

वापराने दगड मधोमध खोलगट होतो आणि त्यावर सरळ धार येत नाही. त्याच्या तोंडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, जाड काचेवर पाणकागद (पाण्यात चालणारा खरकागद) ठेवून सगळ्या रेघा एकसाथ पुसल्या जाईपर्यंत दगड घासावा. कडा किंचित गोलावाव्यात, नाहीतर त्यांचे टवके उडतात. पाण्यावर वापरायच्या दगडाला तेल लावू नये. छिद्रांत शिरलेले तेल काढणे जिकिरीचे असते. काम झाल्यावर गाळ धुवून दगड सावलीत वाळवावा, कारण उन्हात थर असलेला दगड तडकू शकतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात खरी काळजी घ्यावी लागते ती वस्तऱ्याची: पुसून, धारेवर तेलाचे बोट हलकेच फिरवून ठेवला नाही, तर निसण्यावर आणलेली धार गंज खाऊन टाकतो.