हवा कुठून येते, कुठे जाते: डेस्कटॉपच्या कॅबिनेटची पार्श्वभूमी

आपल्याकडे घरात काय, कचेरीत काय, टेबलाखालच्या त्या डब्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतात. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतो. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसरची चिप, आत, हीटसिंक नावाच्या उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांखाली, काडेपेटीएवढा असतो. पीसी असेंबल करायला निघालेला माणूस त्या काडेपेटीवर महिनाभर वाचन करतो आणि कॅबिनेट मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, उरलेल्या पैशांत आणि दिव्यांचा रंग बघून उचलतो. माझ्या मते हा क्रम चुकतो. गेल्या चाळीसेक वर्षांत हा डबा कसा बदलत गेला ते पाहिलं, की तो का चुकतो ते कळतं.

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. त्यातला 8088 प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झवर चाले आणि त्याच्यावर हीटसिंक नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. अख्ख्या यंत्राचा वीजपुरवठा 63.5 वॅटचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढा. पंखा एकच, तोही एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डबीत. आतली गरम हवा ओढून तो मागून बाहेर टाकत असे, तेवढं पुरे होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी ॲपलनं ॲपल थ्री हा संगणक बाजारात आणला होता, तो पंख्याशिवाय. ॲल्युमिनियमचा जड तळच उष्णता बाहेर सोडेल, अशी योजना होती. यंत्रं बिघडू लागली, सॉकेटमध्ये बसवलेल्या चिप सैल होऊ लागल्या, आणि कंपनीचा सल्ला काय, तर यंत्र काही इंच उचलायचं आणि टेबलावर सोडून द्यायचं, म्हणजे चिप परत जागेवर बसतील. नव्याकोऱ्या महागड्या यंत्राला असा आपटा देणाऱ्या माणसाच्या मनाचं काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही.

पुढे इंटेलच्या 486 प्रोसेसरच्या जमान्यात चिपवर हीटसिंक दिसू लागला. 1993 च्या पहिल्या पेंटियमची उष्णता 15 वॅटच्या आसपास गेली आणि हीटसिंकवर छोटा पंखा बसणं नेहमीचं झालं. इथून प्रश्न बदलला. चिपची उष्णता पंखा काढून घेतो खरा, पण ती टाकतो कुठे? डब्यातच. मग डब्यातून ती बाहेर कोण काढणार?

इंटेलनं 1995 मध्ये एटीएक्स ही कॅबिनेटच्या आतल्या भागांची मांडणी आणली, तेव्हा तिचं पहिलं उत्तर आज विचित्र वाटेल असं होतं. एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढेल आणि ती प्रोसेसरवर फुंकेल, असा तो विचार होता. पण ती हवा एसएमपीएसमधूनच तापून येणार, वर धूळही घेऊन येणार. थोड्याच काळात पंख्याची दिशा उलटी झाली आणि कॅबिनेटला मागे स्वतंत्र पंखा आला.

खरी कसोटी लागली ती 2001 ते 2006 या काळात. 2001 साली 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळानं एक चित्रफीत दाखवली. चालू यंत्रावरचा हीटसिंक काढला, तर इंटेलचा पेंटियम 4 स्वतःचा वेग कमी करून तग धरत होता आणि एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचा त्या वेळचा ॲथलॉन धूर सोडत होता. हीटसिंक नीट बसला नाही तर काय होतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. 2004 च्या प्रेस्कॉट नावाच्या पेंटियम 4 मध्ये काही मॉडेलांची उष्णता 115 वॅटवर पोचली. तेव्हा इंटेलनं एटीएक्सची मांडणीच मोडून बीटीएक्स पुढे केली. पुढून आलेली हवा आधी थेट प्रोसेसरवर, मग सरळ रेषेत बाकीच्या भागांवरून मागे बाहेर. कागदावर उत्तम योजना, आणि मला ती आजही आवडते. पण तोवर इंटेलचाच नवा प्रोसेसर कोअर 2 ड्युओ आला, 65 वॅटचा. अडचणच सरली आणि 2006 मध्ये इंटेलनं बीटीएक्स गुंडाळली.

याचा परिणाम आपण अजून भोगतो आहोत. आजचं जवळजवळ प्रत्येक कॅबिनेट 1995 च्याच मांडणीवर उभं आहे. टॉवरमध्ये, म्हणजे उभ्या कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्डाचं तोंड खाली असतं ते त्यामुळेच. तेव्हा ते कार्ड जेमतेम तापायचं. 2022 चं आरटीएक्स 4090 एकटंच 450 वॅट घेतं.

मांडणी बदलली नाही, तेव्हा कॅबिनेट बनवणाऱ्यांनी तिच्या आतच वाट काढली. 2005 च्या अँटेक पी180 नं एसएमपीएस वरून खाली, वेगळ्या कप्प्यात नेला. पुढे तीच पद्धत सर्वत्र रुळली. पंखे 80 मिलिमीटरवरून 120 आणि 140 वर गेले. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. सीडी-डीव्हीडीचे खण पुढचा अर्धा भाग अडवून बसायचे, तेही 2014 च्या एनझेडएक्सटी एच440 सारख्या कॅबिनेटपासून हटू लागले. हवेला समोरून मोकळी वाट मिळाली, आणि नेमकी तिथेच काच आली. समोर अखंड काच, आत रंगीत दिवे, आणि हवेला कडेची बोटभर फट. मेश, म्हणजे जाळीचं तोंड, पुन्हा मानाने परतलं ते 2017 च्या फ्रॅक्टल मेशिफाय सी सारख्या कॅबिनेटांमुळे.

काचेनं काय बिघडतं, ते एका हिशोबात दिसतं. आतले भाग मिळून 500 वॅट उष्णता टाकत असतील आणि पंखे सेकंदाला 50 लिटर हवा खेळवत असतील, तर बाहेर पडणारी हवा आत शिरलेल्या हवेपेक्षा साधारण 9 अंशांनी गरम असते. तोंड कोंडून हवा निम्मी झाली, की हा फरक दुप्पट होतो. चिपवरचा कूलर कितीही भारी घ्या, त्याला मिळणार ती हीच कोंडलेली हवा.

आता कूलरकडे. मोठ्या एअर कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी कमी दाबाखाली असतं. चिपच्या टोकाला त्याची वाफ होते, पात्यांच्या टोकाला ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. बाष्प होताना पाणी उष्णता ओढून घेतं, हे आपल्याला माठानं शिकवलेलंच आहे. हीटपाइप नावाची ही युक्ती जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत विकसित केली. पीसीत या युक्तीची कमाल गाठली नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-डी14 या कूलरनं, 2009 मध्ये.

त्याच वर्षी कोर्सेअर कंपनीचा एच50 हा पाण्यावर चालणारा कूलर आला. आतलं काम डेन्मार्कच्या ॲसेटेकचं. पंप, नळ्या, पाण्याची उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर, सगळं कारखान्यातच भरून बंद केलेलं. त्याआधी पीसीला पाण्यानं थंड करणं म्हणजे टाकी, पंप आणि जोडण्या स्वतः जुळवणं आणि गळतीच्या धास्तीनं रात्र काढणं. एच50 नंतर ते काम चार स्क्रूंवर आलं.

पण पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त दुसरीकडे नेतं. रेडिएटर शेवटी खोलीतल्या हवेवरच अवलंबून असतो. मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात एसी नसलेल्या खोलीत 40 अंश असतील, तर कुठलाही एअर कूलर आणि कुठलाही रेडिएटर चिपला 40 च्या खाली नेऊ शकत नाही. तिथे एक-एक अंश हवेच्या वाटेतूनच वाचवायचा असतो. 65 वॅटच्या प्रोसेसरला मध्यम एअर कूलर पुरतो. 253 वॅटपर्यंत चढणाऱ्या इंटेलच्या आय9-13900के सारख्याला सतत पूर्ण ताणावर राबवायचं असेल, तर 360 मिलिमीटरचा रेडिएटर समजण्यासारखा आहे. मधल्या सगळ्यांना मी एअर कूलरच सुचवतो. दहा वर्षांनी त्याचा पंखा गेला तर नवा लावता येतो. बंद संचातला पंप गेला, तर अख्खा संच टाकावा लागतो.

म्हणून दुकानात गेलात की आधी कॅबिनेटच्या तोंडावर हात फिरवून बघा. जाळी आहे की नुसता जाळीचा देखावा? जाळीच्या मागे धूळ अडवणारी फिल्टर आहे का, आणि ती यंत्र न उघडता निघते का? आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. आपल्या हवेत याला फार किंमत आहे. मी उन्हाळ्यात उघडलेल्या एका जुन्या यंत्रात पंखा आणि हीटसिंक यांच्या मधे घोंगडीसारखा राखाडी थर बसला होता. नखानं कोपरा उचलला तर अखंड तुकडा निघाला. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता आणि हीटसिंकच्या पात्यांपर्यंत हवा पोचतच नव्हती.

असा थर ब्लोअरनं उडवणार असाल, तर पंख्याचं पातं एका बोटानं धरून ठेवा. वाऱ्याच्या झोतानं पंखा भलत्याच वेगानं गरगरला, तर त्याचं बेअरिंग जातं.