मतदानाच्या वाटेवर अटक नाही: एका जुन्या कलमाची पार्श्वभूमी

देशद्रोह, गंभीर गुन्हा किंवा शांतताभंग सोडला, तर मतदाराला मतदानाच्या ठिकाणी, तिथं जाताना किंवा तिथून परतताना अटक करता येणार नाही. अशा अर्थाचं कलम अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या घटनांमध्ये आहे. टेक्सासच्या १८७६ च्या घटनेत आहे, कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेतही होतं. पहिल्यांदा वाचताना वाटतं, ही काय गुन्हेगारांना सूट? पण हे कलम गुन्हेगारासाठी नव्हतंच. ते होतं कर्जबाजारी माणसासाठी. मतदान केंद्रांवर इमिग्रेशन खात्याच्या अटकांना कायद्यानं बंदी घालावी का, या वादात ते आता पुन्हा निघालं आहे.

अठराव्या शतकात देणं थकलं की धनको कोर्टातून वॉरंट काढी आणि शेरीफची, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कायदा-अंमलदाराची, माणसं ऋणकोला उचलून तुरुंगात टाकत. गुन्हा काहीच नाही, वाद दोन खासगी माणसांमधला. हीच दिवाणी अटक. मतदानही तेव्हा गुप्त नसे. व्हर्जिनियात मतदार काउंटीच्या कोर्टापाशी यायचा आणि सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव तोंडी सांगायचा. निवडणूक घेणारा अधिकारी शेरीफ, आणि वॉरंट बजावणाराही शेरीफच! ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्यानं घोड्यावरून मैलोन्‌मैल येऊन नेमकं याच माणसासमोर उभं राहायचं. मत कुणाला जाणार हे गावाला ठाऊक असताना, विरोधकाच्या मतदारांची जुनी देणी उकरून काढायला कितीसा वेळ लागणार? ‘जाताना आणि परतताना’ हे शब्द कलमात का आले, ते इथं कळतं.

संरक्षणाची कल्पना मात्र कोर्टातून आली. पक्षकार आणि साक्षीदार कोर्टात येताना, तिथं असताना व घरी जाताना त्यांना दिवाणी वॉरंटवर धरू नये, नाहीतर कोर्टात येणार कोण, असा इंग्लंडचा जुना दंडक होता. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३५ याच मुळाचं. पक्षकार, वकील, समन्सवर आलेले साक्षीदार त्यात आहेत, आमदार-खासदारांसाठी १३५क आहे. मतदार मात्र दोन्हींत नाही.

अमेरिकेच्या घटनेनं हे संरक्षण काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांना दिलं. पेनसिल्व्हेनियानं १७९० च्या राज्यघटनेत ते मतदारांनाही दिलं. केंटकीनं १७९२ मध्ये आणि टेनेसीनं १७९६ मध्ये जवळपास तेच शब्द उचलले. पेनसिल्व्हेनियाच्या त्या मसुद्यात मोठा वाटा जेम्स विल्सन यांचा. हेच विल्सन जमिनींच्या सट्ट्यात बुडाले आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असतानाच १७९७ मध्ये कर्जापायी न्यू जर्सीच्या तुरुंगात जाऊन आले. पेनसिल्व्हेनियाचेच माजी सिनेटर रॉबर्ट मॉरिस १७९८ पासून तीन वर्षांहून अधिक काळ फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात होते. मोठमोठ्यांची ही गत, तिथं शेतकऱ्याचं काय!

पुढे कर्जासाठीचा तुरुंगवास एकेका राज्यानं बंद केला, न्यूयॉर्कनं १८३१ मध्ये. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काँग्रेस सदस्यांच्या कलमाबद्दल सांगितलं की त्यातल्या अपवादांत सगळेच फौजदारी गुन्हे येतात. म्हणजे संरक्षण उरलं फक्त दिवाणी अटकेपुरतं, आणि दिवाणी अटक तर जवळपास संपलेली. मतदारांचं कलमही तसंच पुस्तकात पडून राहिलं. (मतदान केंद्रांवर लष्कर आणि सशस्त्र माणसं आणण्यावर बंदी घालणारा १८६५ चा केंद्रीय कायदा वेगळा. तो यादवी युद्धातून आला. चर्चेत या दोन्हींची सर्रास गल्लत होते.)

मग ते पुन्हा चर्चेत का आलं? देशाबाहेर काढण्यासाठी होणारी अटक कायद्याच्या लेखी फौजदारी नसून दिवाणी आहे, म्हणून. तिच्या वॉरंटवर सही न्यायाधीशाची नसते, इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. २०१७ नंतर कोर्टांच्या आवारात अशा अटका वाढल्या तेव्हा वकिलांनी जुना दंडक शोधून काढला. २०१९ मध्ये बोस्टनच्या एका केंद्रीय न्यायाधीशांनी तो प्राथमिक टप्प्यावर मान्य करून अशा अटकांना मनाई केली, पण पुढल्या वर्षी अपील कोर्टानं तो मनाई हुकूम उठवला. न्यूयॉर्कनं मग २०२० मध्ये कायदाच केला: न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय कोर्टात जाता-येता दिवाणी अटक नाही. कोर्टाच्या जागी मतदान केंद्र लिहिलं की आपण १७९० च्या मजकुराशी येऊन पोचतो.

अशा बंदीचे विरोधक विचारतात, परदेशी नागरिकाला केंद्रीय निवडणुकीत मतच नाही, मग हे संरक्षण कुणासाठी? प्रश्न वाजवी आहे, पण अर्धवट. मतदान हक्क कायद्यातल्या १९८२ च्या दुरुस्तीनुसार अंध, अपंग किंवा वाचता न येणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो. मालक आणि युनियनचा प्रतिनिधी चालत नाही, पण मदतनीस नागरिकच हवा अशी अट त्या कलमात नाही. नागरिक झालेल्या मावशीचा हात धरून येणारा भाचा व्हिसावर असू शकतो. जुनं कलम बोलतं ते फक्त मतदाराबद्दल, त्यामुळे भाचा उघड्यावरच राहतो. नव्या कायद्यात ‘मतदार’ म्हणायचं की ‘केंद्रावर आलेली कोणतीही व्यक्ती’, हा फरक म्हणूनच महत्त्वाचा. आणि राज्यानं कितीही व्यापक शब्द वापरले तरी केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याला राज्याचा कायदा कितपत बांधतो, हा वाद कोर्टातच लढावा लागतो.